पुण्याच्या उन्हात नव्या रूपाचा फोन

वीस-बावीस हजार रुपयांच्या टप्प्यातल्या एका अँड्रॉइड फोनला नुकत्याच आलेल्या मोठ्या अपडेटचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण यातले बहुतेक गुणदोष आता एका कंपनीपुरते राहिलेले नाहीत. काचेसारखे अर्धपारदर्शक थर, मागचे चित्र धूसर करून वर येणारे नोटिफिकेशनचे पान, बोट लागताच फुगून पुन्हा जागेवर बसणारी बटणे आणि आयकॉनच्या कडेवरून सरकणारी चकाकी हा सध्या साऱ्या बाजाराचाच पेहराव झाला आहे. अ‍ॅपलने ९ जून २०२५ रोजी ‘लिक्विड ग्लास’ हे काचेसारखे रूप जाहीर केले आणि १५ सप्टेंबरला ते आयफोनच्या आयओएस २६ या प्रणालीतून लोकांच्या हाती दिले. गूगलने त्याआधी मे महिन्यात ‘मटेरियल थ्री एक्सप्रेसिव्ह’ हे अँड्रॉइडचे नवे रूप दाखवले होते, ते सप्टेंबरात पिक्सेल फोनांवर आले. उरलेल्या कंपन्यांनी या दोघांकडून आपापल्या वकुबाप्रमाणे उचलाउचल केली. माझ्या हातातला फोन या उरलेल्यांपैकी एकाचा आहे.

फोनची माहिती थोडक्यात अशी: ६.७ इंची ओलेड स्क्रीन, १०८० गुणिले २४०० पिक्सेल, १२० हर्ट्झचा रिफ्रेश रेट (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याची क्षमता) आणि ५००० एमएएचची बॅटरी. कॅमेरा, आवाज, घडण यांविषयी येथे काही लिहीत नाही, कारण अपडेटने त्यांत काही बदललेले नाही. या नव्या सजावटीने रोजच्या वापरात काय मिळाले, काय गेले, आणि ‘अपडेट केल्यापासून बॅटरी टिकत नाही’ ही जी तक्रार ऑफिसच्या कँटीनपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सर्वत्र ऐकू येते तिच्यात कितपत तथ्य आहे, एवढेच पाहायचे आहे. माझा वापर चारचौघांसारखा आहे: वनाझहून मेट्रो, दिवसभर यूपीआय, ऑफिसचे मेल, नकाशा, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत चार्जर हाताशी नाही.

आधी जे चांगले आहे ते. रूप देखणे आहे, यात वाद नाही. अ‍ॅप बंद करताना ते आपल्या आयकॉनमध्ये परत शिरताना दिसते, फोल्डर जेथे होता तेथूनच मोठा होतो, आणि अर्ध्यावर विचार बदलून बोट मागे घेतले तर चालू हालचाल आहे तेथूनच उलटी फिरते. या हालचालींना मी सजावट म्हणणार नाही. कोणती गोष्ट कोठून आली आणि कोठे गेली हे त्या न बोलता सांगतात, आणि ज्यांनी स्मार्टफोन उतारवयात हाती घेतला त्यांना तर त्यांचा फारच आधार वाटतो. गूगलने २०१२ साली अँड्रॉइड ४.१ मध्ये ‘प्रोजेक्ट बटर’ या नावाने हालचाल सलग ठेवण्याचे काम हाती घेतले, त्याआधीचे अडखळत सरकणारे अँड्रॉइड फोन ज्यांनी वापरले आहेत त्यांना या सुधारणेचे मोल वेगळे सांगायला नको. बटणे मोठी झाली आहेत आणि महत्त्वाचे बटण रंगाने उठून दिसते, हेही चांगलेच. ‘एक्सप्रेसिव्ह’साठी ४६ अभ्यास केले, त्यांत अठरा हजारांहून अधिक लोक होते आणि नव्या मांडणीत महत्त्वाची बटणे चौपटीपर्यंत लवकर सापडतात, असे गूगल सांगते. आपल्याच कामाची आपणच घेतलेली परीक्षा म्हणून हे आकडे जरा हात राखूनच घ्यावेत. पण मोठे बटण लवकर सापडते हे पटायला अभ्यासाची गरज नाही.

खटकायला लागते ते हालचालींच्या लांबीपाशी. एकेक हालचाल पाव सेकंदाच्या आसपासची असते आणि एकटी असताना ती डोळ्यांना सुखावते. या अपडेटमध्ये मात्र प्रत्येक हालचालीच्या शेवटी एक हलकी उसळी जोडली आहे: पान वर येते, किंचित जास्त वर जाते आणि मग स्थिरावते. आता हे सारे एका कामात ओळीने येते तेव्हा काय होते ते पाहा. मंडईत कोथिंबिरीची जुडी पिशवीत पडली, मागे माणसे उभी आहेत, आणि पैसे द्यायचे आहेत. फोन उघडताना एक हालचाल, फोल्डर उघडताना दुसरी, पेमेंटच्या अ‍ॅपची स्वतःची नावाची पाटी झळकते ती तिसरी, मग स्कॅनरचा कॅमेरा. आणि यांपैकी कोणतीही पुरी होण्याआधी पुढच्या बटणावर बोट ठेवले तर ते बोट बहुधा वाया जाते, कारण बटण दिसत असले तरी अजून बसलेले नसते. भाजीवाल्या मावशी स्पीकरकडे कान लावून ‘आलं नाही अजून’ म्हणतात, तेव्हा त्यातला थोडा दोष नेटवर्कचा असतो, थोडा बँकेचा, आणि थोडा या उसळीचा.

यावरचा उपाय तापकीर गल्लीत दुरुस्तीच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलांना केव्हाचा ठाऊक आहे. फोन ‘स्लो’ झाल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले, की ती मुले सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करतात, डेव्हलपर ऑप्शन्स हा एरवी लपलेला विभाग उघडतात आणि विंडो, ट्रान्झिशन व अ‍ॅनिमेटर या तीन मापांवर एकच्या जागी अर्धा करून फोन परत देतात. प्रोसेसर तोच, मेमरी तीच. कमी झालेली असते ती नुसती वाट पाहणे, आणि तरीही गिऱ्हाईक खूश होऊन जाते. त्या खुशीत खोटे काहीच नाही, कारण फोन हळू वाटण्याचे निम्मे कारण ती वाटच होती. मी हेच केले, आणि या अपडेटमध्ये फोन सर्वांत अधिक सुधारला तो या एका बदलाने. मापे शून्यावर नेली तर मात्र काही पाने दचकल्यासारखी बदलतात आणि आपण कोठून कोठे आलो ते कळेनासे होते, म्हणून अर्ध्यावर थांबणे बरे. एक सावधगिरी: डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की काही बँकांची अ‍ॅप्स उघडायलाच नकार देतात. तसे झाले तर डेव्हलपर ऑप्शन्स बंद करून अ‍ॅक्सेसिबिलिटीमधला अ‍ॅनिमेशन काढून टाकण्याचा पर्याय वापरावा. तो विभाग दिसण्या-ऐकण्याच्या अडचणी असलेल्यांसाठी असला तरी सर्वांनाच खुला आहे आणि त्यावर बँका सहसा हरकत घेत नाहीत.

वाचनीयतेविषयीची माझी तक्रार याहून गंभीर आहे. वेब सर्वांना वापरता यावे म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जे निकष घालून दिले आहेत, त्यांत साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे असे म्हटले आहे. मोठ्या मजकुराला ३ ला १ चालते. पांढऱ्या कागदावर काळी शाई असेल तर हे प्रमाण कितीतरी अधिक भरते. अर्धपारदर्शक थरावर मात्र हे प्रमाण कोणीच आधी ठरवू शकत नाही, कारण ते थरामागे काय आहे त्यावर अवलंबून असते आणि मागे काय असेल ते डिझायनरला ठाऊक नसते. कंपनीच्या जाहिरातीत मागे निळा, एकसारखा डोंगर असतो. आपल्याकडे मागे गणपतीच्या आराशीचा फोटो असतो: केशरी पडदे, झेंडूच्या माळा, दिव्यांचे पांढरे ठिपके. त्यावर धूसर काच आणि काचेवर पांढरी अक्षरे. खोलीत बसून हे वाचता येते. दुपारी बाराच्या सुमारास अलका चौकात सिग्नल सुटायच्या आत कोणाचा निरोप आला ते पाहायचे असेल तर सावली शोधावी लागते.

त्यातून देवनागरीची स्वतःची अडचण आहे. रोमन अक्षराचा आकार ढोबळ असतो आणि अंदाजाने वाचला तरी चालतो. आपल्या अक्षरात वरची मात्रा, वेलांटी, अनुस्वाराचा टिंब, खालचा उकार, जोडाक्षरातला बारीक दांडा हे सारे अर्थाचे भाग असतात, आणि धूसर पार्श्वभूमीवर आधी तेच हरवतात. फोनची भाषा मराठी ठेवली तर या अपडेटमधल्या गोळीच्या आकाराच्या बटणात ‘ब्लूटूथ’चे दोन्ही ऊकार खालून अर्धवट कापले गेलेले दिसतात, कारण बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली आहे. मराठीत फोन वापरणारी माणसे चाचणी घेणाऱ्यांच्या गावीही नव्हती, याचा याहून ठळक पुरावा नको. घरातल्या मावशींच्या फोनलाही याच कंपनीचे हेच अपडेट आले, वरच्या पानातल्या चौकोनांकडे पाहून त्यांनी विचारले, “हे बटण आहे की नुसतं चित्र? दाबलं तर काही होईल ना?” कडा नाही, सावली नाही, रंगाचा फरक नाही, मग बटण बटणासारखे दिसणार तरी कसे?

हा रोग नवा नाही. विंडोज व्हिस्टाने २००७ साली खिडक्यांच्या चौकटी काचेच्या केल्या होत्या आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती काच काढून टाकली. आयओएस ७ ने २०१३ साली वॉलपेपर आणि आयकॉन वेगवेगळ्या खोलीवर तरंगवले, तेव्हा त्या हालचालींनी मळमळल्यासारखे होते अशा तक्रारी आल्या आणि ऑक्टोबरातल्या ७.०.३ या सुधारित आवृत्तीत हालचाली कमी करण्याचे बटण अधिक परिणामकारक करावे लागले. लिक्विड ग्लासच्या वाचनीयतेवर टीका झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयओएस २६.१ ने काच अधिक गडद, कमी पारदर्शक करण्याचा पर्याय दिला. म्हणजे कंपन्या ऐकत नाहीत असे नाही. आधी करून मग ऐकतात, एवढेच. माझ्या फोनच्या कंपनीने काचेचे सोंग उचलले, तो पर्याय मात्र अजून पुरता उचललेला नाही.

आता बॅटरी. येथे मी लोकांच्या तक्रारीशी पूर्ण सहमत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. काच महाग पडते हे खरे आहे, पण ती केव्हा महाग पडते हे समजून घेतले पाहिजे. या फोनच्या पडद्यावर सुमारे २६ लाख पिक्सेल आहेत. सेकंदाला १२० चित्रे काढायची तर एका चित्राला ८.३ मिलिसेकंद मिळतात आणि सेकंदाला सुमारे ३१ कोटी पिक्सेलांचा रंग ठरवावा लागतो. साधा, एकरंगी थर असेल तर रंग ठरवणे सोपे असते. धूसर थर असेल तर एका पिक्सेलसाठी आजूबाजूच्या अनेक पिक्सेलांचे रंग वाचून त्यांची सरासरी काढावी लागते, आणि चकाकी किंवा वक्र काचेतून वाकलेले चित्र दाखवायचे असेल तर आणखी गणित. अँड्रॉइडमध्ये यावर तोड म्हणून आधी चित्र लहान करून धूसर करतात आणि मग पुन्हा ताणून मोठे करतात, म्हणजे काम बरेच कमी होते. शिवाय, आणि ही गोष्ट तक्रार करणारे बहुतेक जण विसरतात, पडद्यावर काहीच हलत नसेल तर नवे चित्र काढावेच लागत नाही. नोटिफिकेशनचे पान आपण खाली ओढतो, क्षणभर पाहतो आणि वर ढकलतो. त्या क्षणाचा खर्च दिवसाच्या हिशेबात किरकोळ आहे. मी धूसरपणा जेथे बंद करता येतो तेथे बंद करून पाहिला आणि चालू ठेवूनही पाहिला. रात्री घरी परतताना उरलेल्या टक्क्यांत जाणवण्याजोगा फरक मला दिसला नाही.

सतत हलणाऱ्या वॉलपेपरची गोष्ट निराळी आहे. तो दिसत असतो तोवर चित्र स्थिर होतच नाही, त्यामुळे वर सांगितलेली सवलत मिळत नाही. या अपडेटमध्ये असे वॉलपेपर फुकट दिले आहेत आणि एक आपोआप लावूनही दिला आहे. तो आधी काढावा.

खरा खादाड पडदाच आहे, आणि त्याच्या खाण्याचा काचेशी संबंध थोडा आहे. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तासांची शिदोरी. तिच्यातला मोठा वाटा ब्राइटनेस घेतो. ओलेड पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा पिक्सेल जवळजवळ बंदच असतो, म्हणून डार्क मोडने बॅटरी वाचते असे सर्रास सांगितले जाते. किती वाचते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली हे मोजले: पूर्ण ब्राइटनेसला डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला, म्हणजे आपण घरात किंवा ऑफिसात फोन वापरतो तेव्हा, फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे डार्क मोडचा खरा फायदा उन्हात, जेव्हा फोन आपणहून पडदा पूर्ण उजळवतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा फायदा फार मोठा वाटायला हवा. गंमत अशी, की भर उन्हात काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूरच सर्वांत कमी दिसतो, कारण बाहेरचा उजेड परावर्तित होऊन काळ्याचे राखाडी होते. जेथे बचत सर्वाधिक तेथे वाचणे सर्वांत कठीण. मी दिवसा पांढरी आणि सूर्यास्तानंतर काळी पार्श्वभूमी आपोआप येईल असे वेळापत्रक लावून ठेवले आहे, आणि बचतीसाठी नव्हे, डोळ्यांसाठी ते योग्य वाटते.

दुसरा खादाड म्हणजे १२० हर्ट्झ. महागड्या फोनांत एलटीपीओ नावाचा पडदा असतो, तो चित्र स्थिर असताना सेकंदाला एकापर्यंत खाली येऊ शकतो. आयफोन १४ प्रो मध्ये २०२२ साली सदैव उजळलेला पडदा देता आला तो याच जोरावर. वीस हजारांच्या टप्प्यात असा पडदा सहसा मिळत नाही. येथला फोन ६०, ९० आणि १२० अशा ठरावीक पायऱ्यांवर चढतो-उतरतो, आणि या अपडेटपासून त्याला वरच्या पायरीवर रेंगाळायची सवय लागली आहे, कारण काही ना काही उसळत किंवा चकाकत असते. माझ्या मते लोकांना जाणवणारी गळती येथे आहे: काचेचा स्वतःचा खर्च थोडा, पण काच हलती ठेवण्यासाठी पडदा जो वेग धरून बसतो त्याचा खर्च बराच. ६० वर आणून ठेवल्यावर रात्री जेवणापर्यंत फोन निश्चिंतपणे टिकतो. बोटाखालचा गुळगुळीतपणा थोडा कमी होतो, हे मान्य करायला हवे. एक-दोन दिवसांत त्याचीही सवय होते.

अपडेटनंतरच्या पहिल्या काही दिवसांवरून मात्र कोणीही निकाल देऊ नये. फोटो आणि फाइली यांची नव्याने सूची करणे, अ‍ॅप्स अद्ययावत करणे ही कामे मागे चालू असतात. मोठ्या अपडेटनंतर बॅटरी आणि तापमान यांवर तात्पुरता परिणाम होणे स्वाभाविक आहे, असे आयओएस २६ च्या वेळी अ‍ॅपलनेही स्पष्ट म्हटले होते. ‘काल अपडेट केले, आज बॅटरी गेली’ या तक्रारींतल्या बऱ्याच यात मोडतात. त्याशिवाय पुण्याची म्हणून दोन कारणे आहेत. शिवाजीनगर ते स्वारगेट या भुयारी टप्प्यात रेंज खालीवर होते आणि दुबळ्या सिग्नलला धरून राहण्यासाठी फोन जास्त जोर लावतो. दुसरे, दुचाकीच्या हँडलवर नकाशा उघडा ठेवून लावलेला फोन: पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस, डेटा आणि वरून ऊन. फोन कोणत्या हवेत वापरावा याची अ‍ॅपलने दिलेली मर्यादा शून्य ते ३५ अंशांची आहे, आणि उन्हाळ्यात आपण ती रोज दुपारी ओलांडतो. फोन तापला की पडदा आपणहून मंद होतो आणि मग ऐन चौकात नकाशाच दिसेनासा होतो. याला कोणत्याही इंटरफेसचा इलाज नाही.

सजावटीला खर्च येतो हे कंपन्यांना ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. आयफोनचा लो पॉवर मोड काय काय कमी करतो याच्या अ‍ॅपलच्याच यादीत ब्राइटनेस आणि ६० हर्ट्झची मर्यादा यांच्या जोडीला ‘काही दृश्य परिणाम’ असाही उल्लेख आहे. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅप्सना खिडकीमागचे दृश्य धूसर करण्याची सोय मिळाली, तिच्याही माहितीत बॅटरी सेव्हर चालू असताना ही सोय बंद असू शकते असे गूगलने अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगून ठेवले आहे. म्हणजे काच नसतानाही फोन सुखाने चालेल अशी व्यवस्था आतून तयारच आहे. मग ती शेवटच्या वीस टक्क्यांसाठीच का राखून ठेवायची? बॅटरी सेव्हर चालू करताच माझ्या फोनचे नोटिफिकेशनचे पान गडद, अपारदर्शक आणि सर्वार्थाने वाचनीय होते. हेच पान मला सकाळी भरलेल्या बॅटरीवर हवे आहे, आणि ते मिळवण्याचा सरळ मार्ग नाही. बॅटरी सेव्हर लावला तर मेल उशिरा येतात.

घरातल्या मावशींच्या फोनकडे पुन्हा वळावे लागेल, कारण अपडेटचा खरा जाच तेथे दिसतो. त्यांचा फोन दहा हजारांच्या आतला, ४ जीबी रॅमचा. पडदा एलसीडी, म्हणजे मागचा दिवा कायम पेटलेला. त्यावर डार्क मोड लावल्याने वीज जवळजवळ वाचतच नाही, तरी तो बचतीचा उपाय म्हणून सुचवणारी सूचना कंपनी त्यांनाही दाखवते. काच या फोनला झेपत नाही हे कंपनीला माहीत असावे, कारण धूसर थराच्या जागी येथे नुसता राखाडी थर दिला आहे. उसळ्या मात्र काढलेल्या नाहीत. कीबोर्ड वर येताना अडखळतो, पहिले अक्षर गिळले जाते आणि ‘नमस्कार’चा ‘मस्कार’ होऊन ग्रुपवर जातो. बॅटरीही आता जुनी झाली आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला, की तेथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरल्या-उतरवल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के उरली पाहिजे. मावशींचा फोन त्या नियमाच्या बराच आधीचा आहे आणि तिसऱ्या प्रहरी चार्जर मागतो. अशा फोनवर हे रूप चढवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अ‍ॅपलही यातून सुटत नाही, कारण आयओएस २६ हे २०१९ च्या एलसीडी पडद्याच्या आयफोन ११ लाही मिळते. फरक एवढाच, की तेथे पारदर्शकता कमी करणे, हालचाली कमी करणे आणि ठळकपणा वाढवणे हे तिन्ही पर्याय अ‍ॅक्सेसिबिलिटी या एकाच विभागात सापडतात.

माझ्या फोनवर ते विखुरलेले आहेत. रिफ्रेश रेट ‘डिस्प्ले’मध्ये, अ‍ॅनिमेशनची मापे डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, ठळक अक्षरे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त, हलता वॉलपेपर थीमच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये; आणि काच कमी करण्याचे बटण ‘होम स्क्रीन’च्या तळाशी ‘प्रगत’ या नावाखाली, तेही फक्त मुख्य पडद्यापुरते, नोटिफिकेशनच्या पानाला त्याची मात्रा लागू पडत नाही. सेटिंग्जमध्ये शोधायची सोय आहे, पण मराठीत शोधले तर काहीच सापडत नाही आणि इंग्रजीत ‘ब्लर’ टाकले तर कॅमेऱ्याचे पर्याय समोर येतात. ‘साधे रूप’ असे एक बटण बॅटरीच्या पानावर ठेवले असते, तर मी या परीक्षणाचा निम्मा भाग लिहिला नसता.

गुण द्यायचे तर या अपडेटला आले तसे पाचपैकी अडीच, आणि वर सांगितलेले बदल केल्यावर साडेतीन. नवीन फोन घेणाऱ्यांना एवढेच सुचवीन, की लक्ष्मी रोडवरच्या किंवा कोणत्याही दुकानात हा फोन पाहताना तो काउंटरच्या दिव्याखाली पाहू नका. दुकानदाराला विचारून दारापर्यंत या, उन्हात धरा, कॅमेऱ्याने समोरच्या रस्त्याचा फोटो काढून तोच वॉलपेपर म्हणून लावा, भाषा मराठी करा आणि मग वरचे पान खाली ओढा. चांगले दुकानदार यात हरकत घेत नाहीत. ज्यांच्याकडे फोन आधीच आहे त्यांना हे अपडेट टाळा असे सांगता येत नाही, कारण या कंपनीच्या धोरणाप्रमाणे जुन्या आवृत्तीवर थांबलेल्या फोनला पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि ज्या फोनवर यूपीआय आहे तो दुरुस्त्यांवाचून ठेवणे परवडणारे नाही. सजावट आणि सुरक्षा यांचे एकच पुडके करून देणे ही या अपडेटवरची माझी सर्वांत मोठी हरकत आहे, आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अभिप्रायाचा जो रकाना आहे त्यात ती मी मराठीत नोंदवली आहे.